जंतूंना चारित्र्याचा दाखला कोणी दिला?

लोणावळ्याला पूर्वी लोक हवा खायला यायचे. आता जंतू प्यायला येतात. हवा फुकट होती, हाच तिचा दोष. जंतूंना बाटली लागते, बाटलीला लेबल लागतं, लेबलावर हिरवं पान लागतं आणि पानाखाली किंमत छापता येते. म्हणून तुंगार्लीपासून पवनेच्या काठापर्यंत जिथे म्हणून बंगल्याला लॉन आहे आणि लॉनवर धुकं उतरतं, तिथे शनिवार-रविवारी कोणी ना कोणी कोणाची तरी आतडी नव्यानं लावून देत असतो. नाचणीची आंबील आमच्याकडच्या आज्या मडक्यात करायच्या आणि वाटीभर शेजारीही पाठवायच्या. तीच आंबील आता काचेच्या बरणीत शिरून ‘मिलेट फर्मेंट’ झाली आहे. किंमत विचारू नका. विचारलीत तर दोष तुमच्या आतड्यांतल्या नकारात्मक ऊर्जेचा आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. ज्याला आपले पैसे आंबवायचे आहेत त्यानं ते खुशाल आंबवावेत. राज्यघटनेची त्याला आडकाठी नाही. पण आमचे हे आतडेगुरू (मी त्यांना असंच म्हणते, ‘गट हेल्थ कोच’ म्हणताना जीभ लाजते) बद्धकोष्ठावर थांबत नाहीत. बद्धकोष्ठावरून ते झोपेवर जातात, झोपेवरून नैराश्यावर, नैराश्यावरून मधुमेहावर, आणि दुपारच्या जेवणाची घंटा व्हायच्या आत कॅन्सरवर येऊन ठेपतात. तिथे माझी करमणूक संपते.

अशा एका सत्राला मी बसले होते. खाली गालिचा, समोर पडदा, पडद्यावर गुलाबी आतडं आणि आतड्यात निळे-लाल जंतू. निळे हसत होते, लालांना जाड भुवया होत्या. निळे चांगले, लाल वाईट. बालवाडीत एवढ्या ठसठशीत नीतिकथा सांगितल्या तर पालक तक्रार करतील. इथे मात्र अभियंते, सनदी लेखापाल आणि एक निवृत्त प्राचार्य वहीत टिपणं घेत होते. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. म्हणाल्या, “आमच्या ह्यांना स्वादुपिंडाचा आहे. पुण्याला केमो चालू आहे. हे दिलं तर चालेल का?”

गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले. नको तितका क्षणभर. “चालेल काय काकू, धावेल! केमो आपलं सैन्य मारते, आपण सैन्य वाढवतो.”

टाळ्या पडल्या. काकूंनी दोन बाटल्या घेतल्या. मी एक हातात घेऊन वाचली. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘इम्युनिटी’. मागच्या बाजूला, चष्मा कपाळावरून नाकावर आणल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, ‘औषधी उपयोगासाठी नाही’. जंतूचं नाव ‘लॅक्टोबॅसिलस’, बस्स. कोणतं लॅक्टोबॅसिलस, त्याची जात काय, वाण कोणता, बाटली उघडेपर्यंत त्यातले जिवंत किती, याचा पत्ता नाही. वाण न सांगता विकणाऱ्याला मावळातला शेतकरी दारातूनच परत पाठवील. इंद्रायणी म्हणून भलताच तांदूळ गळ्यात मारायला गेलात तर वडगावच्या बाजारात तुमचा पंचनामा होईल. जंतूंच्या बाबतीत मात्र आडनावावर भागतं.

आता गुरुजींच्या त्या टाळीबाज वाक्याकडे वळू. त्यात तीन अज्ञानं एकत्र कुटुंबासारखी सुखानं नांदतात.

पहिलं, बाटलीतले जंतू म्हणजे आपलं सैन्य नव्हे. सैन्य आपल्या अस्थिमज्जेत तयार होतं. हे जंतू पाहुणे आहेत, तेही बहुतेक दोन दिवसांचे. दुसरं, प्रतिकारशक्ती म्हणजे पवना धरणाचा साठा नाही, की पाऊस पडला, पातळी अमुक टक्क्यांवर गेली आणि पिंपरी-चिंचवडनं सुटकेचा निःश्वास टाकला. प्रतिकारयंत्रणेतल्या काही पेशी हल्ला करतात, तर काहींचं कामच हल्ला थांबवण्याचं असतं. दोन्ही तिच्याच. मग ‘वाढवा’ म्हणजे कोणाला वाढवा? आमवातानं बोटं वाकडी झालेल्या माणसाला विचारा, बेबंद प्रतिकारशक्ती काय करते ते. आणि तिसरं सगळ्यांत गंभीर. केमोनं ज्याच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आहेत त्याला जिवंत जिवाणू पाजणं ही धिटाई आहे. असे ‘चांगले’ जंतू क्वचित का होईना, आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. रक्तात उतरल्यावर ते हसत नाहीत.

स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे काय, हे त्या गालिच्यावर कोणी सांगितलं नाही. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवा पडलेला, वीतभर लांबीचा हा अवयव. पचनाचे रस करतो, इन्सुलिन करतो, आणि बिघडला तरी फार उशिरापर्यंत गप्प बसतो. बोलतो तेव्हा बहुतेकदा ऑपरेशनची वेळ टळून गेलेली असते. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षं जगणारे रुग्ण १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत आजारी पडले. मुंबई झाली, न्यूयॉर्क झालं, दिल्ली झाली. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. आयआयटीत शिकलेला, राज्याची यंत्रणा हाताशी असलेला माणूस, आणि हाती उरलं जेमतेम वर्ष. अशा आजाराला निळ्या हसऱ्या जंतूंनी हाकलून लावता येईल असं वाटायला निरागसपणा पुरत नाही, नफ्याचं गणित लागतं.

या गाठीची खरी खोडी तर पुढेच आहे. त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, मेलॅनोमामध्ये, इम्युनोथेरपीनं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांनी, चमत्कार वाटावा असे गुण दाखवले. तीच औषधं स्वादुपिंडाच्या गाठीपुढे बहुतेक रुग्णांत हात टेकतात. गाठीभोवती तंतूंचं दाट, टणक वेष्टन असतं आणि कॅन्सरला मारणाऱ्या टी-पेशी आत फारशा पोचतच नाहीत. भक्षकपेशी मात्र आत भरपूर असतात. पण त्या गाठीला भक्षण्याऐवजी तिची राखण करतात. कुंपणानंच शेत खावं, तसला प्रकार. थोडक्यात, इथे प्रतिकारयंत्रणेची संख्या कमी पडत नाही, तिची निष्ठा कमी पडते. आणि यात आपल्या निळ्या जंतूंचा हात आहे की काय, असा प्रश्न काही शास्त्रज्ञांना पडला.

२०२२ साली ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कॅन्सर सेंटरमधल्या ट्रेसी मॅकगाहा यांच्या गटानं उत्तराचा एक तुकडा छापला. (होय, नियतकालिकाचं नाव ‘इम्युनिटी’च. गुरुजींच्या बाटलीवरचं आणि हे, यांत फरक इतकाच की इथे छापण्याआधी कोणीतरी तपासतं.) प्रयोग उंदरांवरचा. आपल्या अन्नातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. आतड्यातले जिवाणू, त्यांत आपले लाडके लॅक्टोबॅसिलस, ते मोडून इंडोल जातीची रसायनं तयार करतात. ही रसायनं गाठीतल्या भक्षकपेशींमधला एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) चेतवतात. तो चेतला की भक्षकपेशी गाठीच्या बाजूनं झुकतात आणि टी-पेशींची वाट अडवतात. संशोधकांनी तो ग्राहक बंद पाडला, तेव्हा टी-पेशी आत शिरल्या आणि गाठीची वाढ मंदावली. खाण्यातून ट्रिप्टोफॅन काढून घेतलं, तरी भक्षकपेशींचा पहारा ढिला पडला.

पुन्हा वाचा. बाटलीवर ज्याचं आडनाव छापलंय, तोच लॅक्टोबॅसिलस. जे वाढवायचं म्हणून काकूंनी पैसे मोजले, तीच प्रतिकारशक्ती. आणि उंदरात तरी दिसलं ते असं की पहिला दुसरीला खाली बसवतो.

या गोष्टीत नियतीनं एक खास विनोद करून ठेवला आहे. भक्षकपेशी शोधून काढल्या एली मेच्निकोव्ह यांनी. त्यासाठी १९०८ चं नोबेल त्यांना अर्धं मिळालं. आणि दह्यातले आम्लकारी जिवाणू खाल्ले तर म्हातारपण लांबतं, हा पंथ पॅरिसात बसून ज्यांनी काढला तेही मेच्निकोव्हच. स्वतः रोज आंबट दूध प्यायचे. १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी वारले. वाईट वय नाही, पण पंथप्रवर्तकाला शोभेलसंही नाही. शतकानंतर टोरंटोत त्यांची ही दोन लाडकी अपत्यं एकमेकांसमोर आली आणि धाकट्यानं थोरल्याला खुणेनं गप्प बसवलं. आतडेगुरूंच्या पडद्यावर मेच्निकोव्हांचा दाढीवाला फोटो असतो. त्यांना नोबेल दह्यासाठी मिळालं नाही, एवढं मात्र कोणी सांगत नाही.

झालं! आता या बाजूचे विद्वान उठतील. “बघा, दही खाल्लं की कॅन्सर! आजच सर्वांना पाठवा.” सकाळच्या सुप्रभाताच्या गुलाबाखाली हाही निरोप येईल. थांबा. उत्साहाला जरा विरजण लावा.

कारण २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून नेमकी उलटी खबर आली. स्वादुपिंडाच्या ज्या रुग्णांना केमो लागू पडली, त्यांच्या रक्तात इंडोल-३-ॲसिटिक आम्ल जास्त सापडलं. हेही त्याच ट्रिप्टोफॅनपासून, आतड्यातल्या जिवाणूंनीच केलेलं. उंदरांना ते दिलं तर केमोचा परिणाम वाढला. म्हणजे एकाच घराण्यातली दोन रसायनं. एक गाठीला पाठीशी घालतं, दुसरं केमोला हात देतं. कोणत्या रसायनाला कोणता जिवाणू, कोणत्या रुग्णात, कोणत्या औषधाबरोबर? यावर जग डोकं खाजवतं आहे. आमच्या गालिच्यावर मात्र सगळं ठरलेलं.

अजून घ्या. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी ‘सेल’मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर पाच वर्षांहून जास्त जगलेल्या रुग्णांच्या गाठींत जिवाणूंची विविधता अधिक होती. त्यांत एक नाव होतं बॅसिलस क्लॉसी. ओळखीचं वाटतंय? जुलाब झालेल्या पोराला डॉक्टर ज्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्या लिहून देतात, त्यात असतो तोच. आतडेगुरूंना हे कळलं तर कुप्यांचा हार घालून फिरतील! पण दीर्घायुषी रुग्णांच्या गाठीत एक जिवाणू सापडणं आणि कुपी फोडून घशात ओतल्यानं दीर्घायुष्य लाभणं, यांच्यामध्ये जो प्रदेश आहे त्यालाच विज्ञान म्हणतात. तो चालत पार करावा लागतो. तिथून एक्सप्रेसवे जात नाही.

आणि उलटं? तेही आहे. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह स्वादुपिंडाच्या ११३ गाठी तपासल्या. ८६ मध्ये जिवाणू सापडले. त्यांतले काही तर जेमसिटाबिन हे केमोचं औषधच मोडून निकामी करणारे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या गटानं उंदरांमधले जिवाणू प्रतिजैविकांनी मारले, तर गाठीतली प्रतिकारशक्ती जागी झाली आणि इम्युनोथेरपीला गुण येऊ लागला. एका प्रयोगशाळेत जंतू मारले तर भलं होतं, दुसरीत जंतूंनीच केलेलं रसायन दिलं तर भलं होतं. ज्याला यातून ‘चांगले जंतू, वाईट जंतू’ अशी वाटणी करता येते, त्यानं तलाठी कार्यालयात अर्ज करावा. तिथे सातबाऱ्यावरचे वादही इतक्या झटपट मिटवणारा माणूस हवाच आहे.

जंतूला चारित्र्य नसतं. त्याला पत्ता असतो. आतड्यात असताना सज्जन, रक्तात उतरला की दरोडेखोर. निरोगी माणसात निरुपद्रवी, गाठ असलेल्यात संशयित. हे एवढं एक वाक्य त्या पडद्यावर लिहा आणि सगळे निळे-लाल पुसून टाका, सत्र पाच मिनिटांत संपेल. जेवणाचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत.

इथपर्यंत बरंचसं उंदरांचं झालं. गुरुजींचं त्यावरचं हुकमी उत्तर ठाऊक आहे मला: “अहो, नैसर्गिक आहे. फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?” या वाक्याला एक थडगं आहे. नेदरलँड्समध्ये आहे. तिथे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रुग्णांवर १५ रुग्णालयांत चाचणी झाली. हा कॅन्सर नव्हे, पण अवयव तोच. अर्ध्यांना सहा वाणांचं प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जंतूंचं, मिश्रण, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं. संसर्ग कमी होतील अशी सगळ्यांची खात्री होती. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. संसर्ग दोन्हीकडे जवळजवळ सारखे. मृत्यू मात्र, मोजणीत धरलेल्यांपैकी, प्रोबायोटिक घेतलेल्या १५२ जणांत २४, न घेतलेल्या १४४ जणांत ९. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे ९ रुग्ण, सगळेच्या सगळे प्रोबायोटिकच्या बाजूचे.

इथे मी थट्टा थांबवते. ही माणसं कोणाच्या लबाडीनं मेली नाहीत. प्रामाणिक डॉक्टरांनी, परवानग्या घेऊन, मोजदाद ठेवून चाचणी केली, म्हणून तर कळलं. मोजलं नसतं तर ते २४ मृत्यू ‘आजारच वाईट होता हो’ या सदरात गेले असते. आमच्या गुरुजींकडे असे किती गेले असतील? त्यांनाही ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची पद्धतच त्यांच्याकडे नाही. त्यांच्याकडे अभिप्राय आहेत. मेलेला माणूस अभिप्राय देत नाही, ही या धंद्याची सगळ्यांत मोठी सोय.

आता जरा आनंदाची बातमी, पण तिच्यात गुरुजींना कमिशन नाही. २०२१ च्या ‘सायन्स’मध्ये मेलॅनोमाच्या रुग्णांचा अभ्यास आला. इम्युनोथेरपी घेणाऱ्या १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद ठेवली होती. रोजच्या जेवणातला तंतुमय भाग जसजसा वाढत गेला तसतसा आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका कमी दिसला. दर ५ ग्रॅममागे सुमारे ३० टक्के. आणि दुकानातली प्रोबायोटिक्स? त्याच अभ्यासातल्या उंदरांना ती दिली तर इम्युनोथेरपीचा गुण कमी झाला. तंतुमय म्हणजे काय, तर भाकरी, मटकीची उसळ, हरभरा, पालेभाजी. कामशेतच्या आठवडी बाजारात पिशवीभर मिळतं. उसळीच्या सेवनानं मेलॅनोमा बरा होतो असं हा अभ्यास म्हणत नाही. स्वादुपिंडाच्या रुग्णाला तर तंतू पचतील की नाही हे त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं. पण जे आपल्या ताटात आहे ते सोडून बाटलीच्या मागे का धावतो आपण? कारण उघड आहे. मटकीला मोड घरी येतात. मोडांवर ब्रँड छापता येत नाही.

शिवाय पोट कोणाचं, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतले जिवाणू वर्षानुवर्षं मोजले. त्यांच्या अभ्यासात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे गट आपल्याकडे ठळक दिसले. पाश्चात्त्य पोटांची घडण निराळी. परदेशी पोटावर तपासलेला वाण मावळच्या भातखाऊ पोटात तसाच वागेल याची हमी कोण देणार? लेबलावरचं हिरवं पान?

आणि सगळ्यांत जास्त राग येतो तो जागेमुळे. हे सगळं लोणावळ्यात घडतं! १९२४ साली याच गावात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामची स्थापना केली. योगाचा कट्टर अभिमानी माणूस. पण अभिमानानं पोट भरत नाही हे त्याला कळत होतं. नौली केल्यावर पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी ‘ऊर्जा’ म्हणून सोडून दिलं नाही. मोठ्या आतड्यातला दाब मोजला, तो बाहेरच्या हवेहून कमी होतो हे दाखवलं, क्ष-किरणांनी चित्रं काढली आणि निष्कर्ष ‘योग मीमांसा’ या स्वतःच्या नियतकालिकात छापून टीकेसाठी उघडे ठेवले. आतड्यांचा अभ्यास लोणावळ्याला नवा नाही, महाराज. शंभर वर्षांपूर्वी इथे तो यंत्रांनी होत होता, आता रील्सनी होतो.

मेच्निकोव्हांचा ओदेसातला शिष्य वाल्देमार हाफकिन मुंबईत आला, तेव्हा प्लेगानं शहर ओस पडत होतं. त्यानं लस केली, १८९७ च्या जानेवारीत पहिली सुई स्वतःला टोचली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी असे दोन गट ठेवून मोजणी केली. गुरूनं दह्याचा पंथ काढला, शिष्यानं तुलनेचा गट ठेवला. परळला त्याच्या नावाची संस्था उभी आहे. आमच्या आतडेगुरूंनी या वंशावळीतून नेमका पंथ उचलला आणि तुलनेचा गट तेवढा वगळला.

परळचंच आणखी एक. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीचा कॅन्सर लिंबूपाणी, हळद, कडुनिंब वगैरेंच्या आहारानं पळवल्याचं जाहीर केलं. ऑपरेशन झालं होतं, केमो झाली होती. पण टाळ्या लिंबाला. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना एकत्र येऊन पत्रक काढावं लागलं की बाबांनो, याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. नंतर सिद्धूंनीही आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच होता असा खुलासा केला. खुलासे नेहमी नंतरच येतात, आणि ते कोणी पुढे पाठवत नाही. विज्ञानाची लाज मात्र वेगळी असते. गाठींमधल्या जिवाणूंवरून कॅन्सर ओळखता येतो असं सांगणारा, २०२० चा गाजलेला निबंध ‘नेचर’नं २०२४ मध्ये मागे घेतला, कारण इतर शास्त्रज्ञांनी त्यातल्या विश्लेषणाच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या. कोणा आतडेगुरूनं स्वतःची रील मागे घेतल्याचं तुम्ही ऐकलंय?

कायदा आहे हो, कायद्याला काय धाड भरली आहे! १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात कॅन्सरचं नाव आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि जाहिरात म्हणजे काय? कायदा लिहिणारा माणूस रसिक असावा. लेबल, पत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकंच काय, प्रकाश, आवाज किंवा धूर यांतून केलेली घोषणाही जाहिरातच. धूर! गालिच्यावरचं बोलणं, पडद्यावरचा प्रकाश आणि कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर, तिन्ही एकाच कलमात बसतात. वर २०११ पासून आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: प्रोबायोटिकवर वाण लिहा, मुदत संपेपर्यंत जिवंत जंतू किती ते लिहा, दावा करायचा तर पुरावा द्या.

अंमलबजावणी? २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनानं लोणावळ्यातल्या एका नामांकित चिक्कीवाल्याचं उत्पादन काही काळ थांबवलं होतं. का, तर मालाच्या चाचण्या नियमाप्रमाणे झाल्या नव्हत्या. योग्यच केलं. गूळ आणि शेंगदाण्याला प्रयोगशाळेचा दाखला हवा. कॅन्सरवर तोडगा सांगणाऱ्याला मात्र लॉन आणि माईक पुरतो.

आता तुमच्याशी दोन शब्द, कारण इथवर वाचलंत म्हणजे तुम्ही टाळ्या वाजवणाऱ्यांतले नाही.

मावळात अजूनही डोळे पिवळे झाले की आधी काविळीची माळ येते, कोणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं, पंधरवडा जातो. बऱ्याच काविळी आपल्या आपण उतरतात, म्हणून माळेची कीर्ती टिकते. पण पन्नाशी-साठीच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, वजन झपाट्यानं उतरलं, किंवा घरात कोणाला मधुमेह नसताना अचानक साखर वाढली, तर माळवाल्याकडे नको आणि आतडेगुरूकडे तर नकोच. सोनोग्राफी करा, सीटी स्कॅन करा, सर्जनला दाखवा. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी, पित्तनलिकेजवळ असेल तर ती लवकर कावीळ करते. अशा गाठी ऑपरेशनच्या आवाक्यात सापडण्याची शक्यता असते, आणि तो पंधरवडा पुन्हा मिळत नाही.

निदान झालेलं असेल आणि जेवण अंगी लागत नसेल, शौच तेलकट होत असेल, तर डॉक्टरांना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. बिघडलेलं स्वादुपिंड जे रस करत नाही ते त्या देतात. कंटाळवाणं औषध आहे, जेवणाबरोबर नेमानं घ्यावं लागतं, रीलवर सुंदर दिसत नाही. उपयोगी मात्र आहे. घरचं वाटीभर दही चालेल का, तेही त्याच डॉक्टरला विचारा. आणि बाटलीतलं काहीही देण्याआधी ती बाटली घेऊनच त्याच्यासमोर बसा.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर माणसांत गुणकारी सिद्ध झालेलं प्रोबायोटिक आजमितीला एकही नाही. उंदरांतल्या खुणा आहेत, त्या दोन्ही दिशांना बोट दाखवतात, आणि त्यांचा अर्थ लावायला माणसं रात्रंदिवस राबताहेत. त्यांना राबू द्या. तोवर कोणी तुम्हाला तसलं अमृत विकायला आलं तर भांडू नका, हुज्जत घालू नका. गोडीनं एवढंच म्हणा: “दावा लेटरहेडवर लिहून द्या, खाली सही करा, वाण लिहा आणि पक्कं बिल द्या.” मिळालंच, तर ते घेऊन थेट पुण्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय गाठा.